दहावीत पास, अकरावीत मुकी

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यांत मिठाई वाटली जाते. ती वाटायलाच हवी. यंत्रमागावर दोन पाळ्या करणाऱ्या बापाची, शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या आईची मुलं उर्दू माध्यमातून ऐंशी, पंच्याऐंशी टक्के मिळवू लागली आहेत. त्यात मुली पुढे आहेत. मालेगाव असो, भिवंडी असो, नांदेड असो की अकोला, जून-जुलैमध्ये व्हॉट्सॲपवर हार घातलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो फिरत असतात.

दिवाळीनंतर मात्र याच मुलांपैकी काहींबद्दल वेगळ्या बातम्या कानावर येऊ लागतात. अमक्याच्या मुलीने सायन्स सोडून आर्ट्स घेतलं. तमक्याचा मुलगा कॉलेजला जायचंच टाळतो आणि मोबाईलच्या दुकानात बसतो. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "इंग्लिश समझ में नहीं आती." वर्गात सर काय बोलतात ते कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही, कारण प्रश्न तरी कोणत्या भाषेत विचारायचा? शाळेत सगळ्यांत आधी हात वर करणारी मुलगी अकरावीत मुकी होते.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी हा माझा विषय नाही. तरीही या विषयावर लिहिते आहे, कारण इंग्रजीचा हा प्रश्न एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. समाजात यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला, उर्दू शाळा सोडा आणि मुलांना इंग्रजी माध्यमात घाला. दुसरा, दहावीनंतरच्या सुट्टीत 'स्पोकन इंग्लिश'चा क्लास लावा. दोन्ही उपाय मला चुकीचे वाटतात, कारण दुखणं नेमकं कुठे आहे हेच ते ओळखत नाहीत.

आधी परिस्थिती पाहू. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आजचं मूल दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकतं. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ही तिसरी भाषा असते आणि दहावीचा पेपरही तृतीय भाषेचा असतो. त्यात काय विचारतात? धड्यातल्या उताऱ्यावर प्रश्न, थोडं व्याकरण, पत्र, कवितेचं रसग्रहण. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, आवडलेली ओळ. साचा पाठ केला की कोणतीही कविता त्यात बसवता येते. पत्राचंही तसंच. मुलं हे साचे पाठ करतात, आम्ही शिक्षक ते पाठ करून घेतो आणि निकाल चांगला लागतो. यात फसवणूक कोणाची नाही. पेपर जे मागतो ते मुलं देतात.

अकरावी विज्ञानाचं पुस्तक मात्र वेगळंच काही मागतं. तिथे पाठ केलेलं पत्र कामाला येत नाही. पूर्वी न वाचलेलं पान वाचून समजून घ्यावं लागतं, त्यातलं कारण आणि परिणाम वेगळे करावे लागतात आणि स्वतःच्या वाक्यात लिहावं लागतं. दहा वर्षांत हे आपण मुलांकडून कधी करून घेतलं?

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला. जगभर जिथे जिथे मुलं दुसऱ्या भाषेत शिकतात, तिथे तो आजही उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं असं की, रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेतल्या अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परक्या भाषेच्या वातावरणात गेलेलं मूल साधारण दोन वर्षांत तिथल्या मुलांसारखं बोलू लागतं. पण त्या भाषेत वाचून, विचार करून, लिहून वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. हा हिशोब चोवीस तास इंग्रजी कानावर पडणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांचा आहे. आमच्या मुलांच्या कानावर शाळेच्या तासाबाहेर इंग्रजी किती पडतं? मग दोन महिन्यांच्या स्पोकन इंग्लिशने अकरावीचं भौतिकशास्त्र समजेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? तिथे मूल "हाऊ आर यू" आणि "माय हॉबी इज" शिकतं. बोलायची भीती जाते, तेवढा फायदा आहेच. पण अकरावीत आपल्या मुली अडतात त्या वाचताना, आणि बोलायची वेळ त्यानंतर येते.

हे अडणं कसं असतं, याचं एक उदाहरण घेऊ. भौतिकशास्त्रातली एक साधी व्याख्या आहे, 'द रेट अ‍ॅट विच वर्क इज डन इज कॉल्ड पॉवर.' यात एकही अवघड शब्द नाही. रेट माहीत आहे, वर्क माहीत आहे, पॉवर तर लूमला लागते म्हणून घरोघरी माहीत आहे. तरी दहावी पास झालेलं मूल या वाक्यावर थांबतं. 'इज डन इज कॉल्ड' अशी दोन क्रियापदं एकापाठोपाठ कशी आली, ते त्याला उलगडत नाही. शिवाय 'वर्क' म्हणजे काम असं त्याला वाटतं. पण विज्ञानात बल लावून वस्तू सरकली तरच वर्क होतं. डोक्यावर गोणी घेऊन तासभर जागेवर उभा राहिलेला हमाल घामाघूम झाला, तरी भौतिकशास्त्राच्या हिशोबाने त्याने गोणीवर वर्क केलेलं नाही. मराठी पुस्तकात याला 'कार्य' म्हणतात, त्यामुळे हा नेहमीच्या कामापेक्षा वेगळा शब्द आहे हे मुलाला निदान जाणवतं. उर्दूत तो 'काम'च आहे आणि इंग्रजीतही 'वर्क'च. शब्द ओळखीचा असल्यामुळेच मूल फसतं.

'सोल्यूशन' म्हणजे रसायनशास्त्रात द्रावण आणि गणितात उकल. 'सेल' म्हणजे जीवशास्त्रात पेशी आणि विजेच्या धड्यात घट. 'टेबल' म्हणजे टेबलही आणि तक्ताही. या विषयांच्या शब्दांखेरीज आणखी एक गट आहे, जो कोणत्याच विषयाचा शिक्षक आपला मानत नाही. हाउएवर, देअरफोर, व्हेअरअ‍ॅज, रिस्पेक्टिव्हली, कन्सिस्ट, इंडिकेट, अझ्यूम. हे शब्द सगळ्याच विषयांच्या पुस्तकांत पानोपानी भेटतात. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा अभ्यासाच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांत आठवड्याला पाच शब्दकुटुंबं घेतली तर ती जवळपास पूर्ण होतात. इतकं हे आवाक्यातलं आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाला वाटतं 'देअरफोर' इंग्रजीवाले शिकवतील, आणि इंग्रजीवाल्यांच्या धड्यात तो शब्द आलेलाच नसतो.

आता माझा मुख्य मुद्दा. हे वरच्या पायरीचं इंग्रजी शिकवायचं असेल तर उर्दू आणि मराठी बाजूला ठेवून ते साधणार नाही. या दोन भाषांचीच शिडी लावावी लागेल.

प्रकाशसंश्लेषण हा शब्द घ्या. उर्दूत याला 'जियाई तालीफ' म्हणतात. जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जोडून तयार करणं. इंग्रजीत 'फोटोसिंथेसिस'. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जोडून तयार करणं. तिन्ही भाषांनी एकच कल्पना एकाच पद्धतीने बांधली आहे. हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलं की मूल तो शब्द पुन्हा पाठ करत बसत नाही. शिवाय पुढे 'फोटोग्राफ', 'फोटॉन', 'सिंथेटिक' भेटले तर अंदाज बांधू लागतं. समीकरणाला उर्दूत 'मसावात' म्हणतात. जुम्याच्या खुत्ब्यात आणि शायरीत समतेसाठी जो शब्द येतो, तोच हा. मराठीत 'सम' पासून समीकरण, इंग्रजीत 'इक्वल' पासून 'इक्वेशन'. द्रावणाला उर्दूत 'महलूल' आणि गणिताच्या उकलीला 'हल' म्हणतात. दोन्ही एकाच अरबी धातूतून आले आहेत, आणि इंग्रजीतही 'डिझॉल्व्ह' आणि 'सॉल्व्ह' एकाच घरातले आहेत. अल्जेब्रा हा शब्द तर 'अल-जब्र' वरूनच गेला आणि अल्गोरिदम अल-ख्वारिज्मीच्या नावावरून. आमच्या वर्गातल्या मुलीला हे कळतं तेव्हा इंग्रजी पुस्तकाकडे बघायची तिची नजर बदलते. ते पुस्तक तिला तितकं परकं राहत नाही.

व्याकरणातही असंच आहे. आमची मुलं हमखास लिहितात, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट.' इंग्रजीचे शिक्षक लाल पेनाने 'बट' खोडतात आणि पुढे जातात. पुढच्या वहीत 'बट' पुन्हा हजर असतो. कारण मराठीत 'जरी' आला की 'तरी' लागतो, आणि उर्दूत 'अगरचे' आला की मागून 'लेकिन' किंवा 'ताहम' येतो. मूल इंग्रजीत चुकतं तेव्हा ते आपल्या भाषेचा नियम पाळत असतं. तसंच 'ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग' हे वाक्य. मराठीत आपण 'तो म्हणाला की मी येतो' असंच म्हणतो. उर्दूतही 'उसने कहा कि मैं आता हूँ' असंच. इंग्रजीत 'दॅट' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. हा फरक समोरासमोर ठेवून एकदा समजावला तर वीस वेळा खोडण्यापेक्षा जास्त काम होतं. आणि तो फरक दाखवायला उर्दू आणि मराठी येणारा शिक्षकच लागतो.

वर दिलेली पॉवरची व्याख्याही याच वाटेने सुटते. 'ज्या दराने कार्य केलं जातं त्याला शक्ती म्हणतात.' 'जिस शरह से काम किया जाता है उसे ताकत कहते हैं.' मराठीतला ज्या-त्या आणि उर्दूतला जिस-उस हा सांगाडा मुलांच्या जिभेवर लहानपणापासून आहे. इंग्रजीत 'विच' ने सुरू झालेला तुकडा कुठे संपतो ते शोधून तिथे पेन्सिलने उभी रेघ मारायची. रेघ 'डन' नंतर येते. मग दोन क्रियापदं आपोआप वेगळी होतात. एकदा का हे तंत्र हाताला बसलं की पुस्तकातलं लांब वाक्य घाबरवत नाही.

मग वर्गात करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं उर्दू, मराठी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांत निघतात. धडे तेच, आकृत्या त्याच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. जो धडा या आठवड्यात उर्दूतून शिकवून झाला, त्याचंच एक पान इंग्रजी पुस्तकातून वाचायचं. आशय आधीच कळलेला असतो, म्हणून सगळं लक्ष भाषेवर देता येतं. आठवीत आठवड्याला एक परिच्छेद, नववीत एक पान, दहावीत दोन पानं. तीन रकान्यांची एक वही करायची. इंग्रजी, उर्दू, मराठी. त्या पानातले पाच-सहा शब्द त्यात उतरवायचे आणि प्रत्येकाचं एक वाक्य करायचं.

नंतर लिहिणं. पत्राचा साचा थोडा बाजूला ठेवून, वाचलेल्या पानावर पाच वाक्यं लिहायची. एक वाक्य मुद्द्याचं, दोन कारणांचं, एक उदाहरणाचं आणि शेवटचं 'देअरफोर' ने सुरू होणारं. आधी बाकावरच्या दोघींनी आपसांत उर्दूत किंवा मराठीत बोलून घ्यायचं आणि मग इंग्रजीत उतरवायचं. ज्या मुलीला तिच्या भाषेत कारण सांगता येत नाही, तिला ते इंग्रजीत कुठून येणार? इथे माझ्यासारख्या भाषाशिक्षकांची जबाबदारी सुरू होते. मराठीच्या तासाला मी निबंध लिहून देणार आणि मुली तो पाठ करणार असतील, तर मुद्दा मांडायची सवय लागणार कधी? 'फरक स्पष्ट करा', 'कारणे द्या', 'सकारण लिहा' हे प्रश्न तर सगळ्या भाषांत सारखेच आहेत. एका भाषेत ते नीट लिहायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेत निम्मं अंतर कापून आलेलं असतं.

यावर एक आक्षेप येतो की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोललं पाहिजे, नाहीतर मुलं शिकणार कशी? शिक्षकाने भरपूर इंग्रजी बोलावं, हे मला मान्य आहे. धड्याचं ओळीन् ओळ भाषांतर करून सांगणं हे शिकवणं नव्हे, हेही मान्य. पण मुलाने आपली भाषा बोलली की दंड किंवा पट्टी, ही पद्धत फक्त गप्प बसायला शिकवते. ज्या वर्गात दहावीपर्यंत गप्प बसण्याचा सराव झाला, त्या वर्गातली मुलगी अकरावीत एकदम हात कसा वर करेल?

दुसरा आक्षेप पालकांचा. एवढी यातायात कशाला, पहिलीपासून इंग्रजी माध्यमातच घालू. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारं कोणी आहे आणि ज्यांना चांगली शाळा परवडते, त्यांनी जरूर घालावं. पण आमच्या वस्त्यांत गल्लोगल्ली दोन खोल्यांत निघालेल्या, नावापुरत्या इंग्रजी शाळांत काय चालतं ते आपण पाहतो. मूल प्रश्नोत्तरं पाठ म्हणतं, पण अर्थ विचारला की खाली बघतं. इंग्रजी धड येत नाही, उर्दूचं पुस्तक वाचता येत नाही, मराठी अर्ज लिहिता येत नाही. फी भरून तिन्ही भाषांतून बाहेर पडलेली ही मुलं पाहिली की वाईट वाटतं. सेमी इंग्रजीचा पर्याय बरा आहे, पण फक्त तिथे, जिथे गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजीतून समजावता येतं. नाहीतर पुस्तक इंग्रजी, शिकवणं उर्दू आणि उत्तर पाठ केलेलं, असा प्रकार होतो.

तिसरा गट उर्दूवर प्रेम करणाऱ्यांचा आहे. इंग्रजीवर इतका जोर दिला की उर्दू मरेल, अशी त्यांना भीती वाटते. त्यांना मी आपलाच इतिहास दाखवेन. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी. त्याच सर सय्यदांनी १८७७ मध्ये अलीगढला उभारलेल्या कॉलेजात इंग्रजीतून शिक्षण दिलं. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तिथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं, त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभा राहिला, आणि तरीही इंग्रजी हा विषय सगळ्यांना सक्तीचा होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे उर्दूतून उच्च शिक्षणाचा देशातला सगळ्यात मोठा प्रयोग ज्यांनी केला, त्यांनाही इंग्रजी आणि उर्दू यांत भांडण दिसलं नाही. २०१८पासून नीटची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते. हा हक्क मिळाला याचा मला आनंद आहे. पण परीक्षा उर्दूत देऊन वैद्यकीय कॉलेजात गेलेल्या मुलीला तिथली पुस्तकं इंग्रजीतच वाचायची आहेत. उर्दू शाळेतून निघालेल्या मुली पुढे टिकल्या नाहीत, तर पालक उर्दू शाळांकडे पाठ फिरवतील. उर्दू शाळा वाचवायची असेल, तर तिथलं इंग्रजी वरच्या दर्जाचं करणं हाच त्यावरचा खात्रीचा इलाज आहे.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जवळचं. अकरावीत अडखळलेल्या मुलाला दुसरी संधी मिळते. एक वर्ष गेलं तरी तो आयटीआयला जातो, काम धरतो, बाहेरून परीक्षा देतो. आमच्या अनेक घरांत मुलीला संधी एकदाच मिळते. बसने दूरच्या कॉलेजात जायची परवानगी तिने दहावीच्या टक्क्यांवर कमावलेली असते. पहिल्या सहामाहीत ती दोन विषयांत नापास झाली की घरातलं कोणीतरी म्हणतं, "बहुत हो गया, अब रिश्ता देखो." तिची बुद्धी कमी नसते आणि मेहनतही कमी नसते. तिला कोणी अनोळखी पान वाचायला शिकवलेलं नसतं, एवढंच. हे शिकवायला लागतात आठवी ते दहावीची तीन वर्षं, तीन रकान्यांची एक वही आणि एकमेकांशी बोलणारे शिक्षक.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, यंदा निकालाच्या फलकावर दहावीचे टक्के लावाल, तेव्हा शेजारी आणखी एक आकडा लावा. दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून विज्ञानाला गेलेल्यांपैकी किती जणी बारावी पास झाल्या? तो आकडा काढायला फक्त काही फोन करावे लागतील. तो एकदा समोर आला, की इंग्रजी कसं शिकवायचं यावर शिक्षकांच्या खोलीत बोलणं आपोआप सुरू होईल.